अलिंद कंपन : ॲब्लेशनच्या यशाचे पूर्वानुमान

अलिंद कंपन, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात तो विकार, ॲब्लेशनने कितपत आटोक्यात येईल याचा उपचाराआधी बांधलेला अंदाज. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन न पावता नुसती थरथरतात. नाडी वेडीवाकडी चालते, काहींना धडधड आणि धाप जाणवते, काहींना काहीच जाणवत नाही. ॲब्लेशनमध्ये जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयात नेतात आणि ठरावीक ऊती उष्णतेने, गोठवून किंवा अलीकडच्या पद्धतीत विद्युतस्पंदांनी निकामी करतात.

फ्रान्समध्ये बोर्दो येथे मिशेल आयसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कंपन सुरू करणारे अवेळी ठोके कुठून उठतात, हा त्यांचा प्रश्न होता. सापडलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ६५ फुप्फुसांतून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्ये होती. तेव्हापासून या शिरांच्या तोंडांभोवती अडथळा उभा करून त्यांचा अलिंदाशी विद्युतसंबंध तोडणे हा ॲब्लेशनचा गाभा ठरला. पूर्वानुमानाचे सारे तर्कशास्त्रही यातूनच निघते. दोष शिरांपुरताच असेल तर त्या तोडल्याने काम भागते. तो अलिंदाच्या भिंतीत मुरला असेल, तर शिरा तोडूनही कंपन परतते.

भिंतीत किती मुरला आहे, हे ओळखण्याची पहिली खूण म्हणजे आजाराची चाल. झटके आपोआप किंवा उपचाराने सात दिवसांच्या आत थांबत असतील तर निकाल चांगला लागतो. सात दिवसांपलीकडे टिकणाऱ्या प्रकारात तो खालावतो, वर्षभर अखंड चाललेल्या कंपनात आणखी. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावे अलिंद ताणून मोठे झालेले दिसणे ही दुसरी खूण. निदान आणि ॲब्लेशन यांमधला काळ लांबला तरी यशाची शक्यता घटते.

अशा खुणा जोडून गुणांक तयार केले गेले. जर्मनीतील लाइपझिगच्या गटाचा ‘ॲपल’ हा त्यांतला सुटसुटीत: वय ६५ च्या वर, कंपन दीर्घकाळ टिकणारे, मूत्रपिंडांचे काम मंदावलेले, डाव्या अलिंदाचा व्यास ४३ मिलिमीटर किंवा अधिक आणि हृदयाची पंपक्षमता ५० टक्क्यांखाली, प्रत्येकी एक गुण; गुण जितके जास्त, तितकी कंपन परतण्याची शक्यता जास्त. कागदावर हे पटते, पण दोन रुग्णांपैकी कोणाचे कंपन परतेल हे सांगण्यात असे गुणांक नाणेफेकीपेक्षा थोडेच सरस ठरतात. गटाचा कल त्यांतून कळतो. समोर बसलेल्या एका माणसाचे भवितव्य कळत नाही. केवळ गुणांक जास्त आला म्हणून कोणाला उपचार नाकारणे योग्य म्हणता येणार नाही.

भिंतीतला व्रण थेट पाहण्याचा प्रयत्न एमआरआयने झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीकाफ’ अभ्यासात तंतुमय ऊतीचे, म्हणजेच या व्रणाचे, प्रमाण १० टक्क्यांहून कमी असलेल्यांत कंपन सुमारे ११ महिन्यांत १५ टक्के रुग्णांमध्ये परतले, तर ३० टक्क्यांहून अधिक व्रण असलेल्यांत ५१ टक्क्यांमध्ये. मग हा व्रणच जाळला तर? दीर्घकाळ टिकणाऱ्या कंपनाच्या ८४३ रुग्णांवर तेही करून पाहिले गेले. २०२२ च्या निकालात फक्त शिरा तोडण्यापेक्षा त्याचा काही लाभ आढळला नाही. अपयश कशामुळे येते हे कळले, तरी त्यावरचा इलाज हाती येतोच असे नाही, हे या जोड-अभ्यासांइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

‘यश’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र याहून मूलभूत आहे. संशोधनातील प्रचलित व्याख्येनुसार सुरुवातीचे काही आठवडे वगळून पुढे कधीही ३० सेकंदांचे कंपन नोंदले गेले की ॲब्लेशन अयशस्वी. होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून एक दिवस ठोके नोंदवणाऱ्या यंत्रात, ते निसटू शकते. त्वचेखाली बसवलेल्या नोंदयंत्रातून सहसा सुटत नाही. कॅनडातील ‘सर्का-डोस’ अभ्यासात ३४६ रुग्णांना असे यंत्र बसवले होते. वर्षभरात जेमतेम निम्मे रुग्ण या व्याख्येत उत्तीर्ण झाले, पण कंपनात जाणारा एकूण काळ ९८ टक्क्यांहून अधिक घटला. आधी दर आठवड्याला तासन्‌तास धडधड सोसणाऱ्या आणि आता वर्षातून एकदा मिनिटभर ठोके चुकणाऱ्या माणसाला अपयशी म्हणणे ही मोजपट्टीची चूक आहे.

काही घटक रुग्णाच्या हाती असतात, आणि तेच सर्वांत मोलाचे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की वजन १० टक्के किंवा अधिक उतरवून टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत लय सुरळीत राहण्याची शक्यता सुमारे सहापट होती. रक्तदाब, मद्यपान आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांकडे लक्ष देणे त्यामुळे ॲब्लेशनच्या तयारीचाच भाग मानले जाते.

भारतात हे गुणांक जपून वापरावे लागतात. ते प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील, झडपा शाबूत असलेल्या रुग्णांवर बेतलेले आहेत. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप (डाव्या अलिंदाच्या खालची झडप) आकसून एएफ होणारे अजूनही पुष्कळ आहेत, तेही तुलनेने तरुण वयात. अशा रुग्णाला ‘ॲपल’मध्ये वयाचा गुण मिळत नाही, मूत्रपिंडे ठीक असतात, पंपक्षमताही बहुधा चांगली असते, अलिंद मात्र वर्षानुवर्षांच्या दाबाने फुगून व्रणांनी भरलेले असते. तिथे आधी फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने झडप मोकळी करणे आणि रक्त पातळ ठेवणे महत्त्वाचे असते.