मिरचीने हात भगभगतात तेव्हा नक्की काय होतं

परवा तव्यावर मिरच्या भाजल्या, लसूण-मीठ टाकून खलबत्त्यात मस्त ठेचा कुटला, आता ठेच्यासाठी हातमोजे कोण घालतं, आणि अर्ध्या तासाने बोटं अशी भगभगायला लागली की विचारू नका. त्यात शहाणपणा करून कोमट पाण्याखाली हात धरला, जीवच गेला! पाणी खरंच कोमट होतं हो, पण वाटलं उकळतंय.

हा सगळा उद्योग टीआरपीव्ही-१ नावाच्या एका प्रोटीनचा. वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा असतात ना, त्यांच्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यात हे बसलेलं असतं, चार सारखे तुकडे आणि मधोमध एक भोक, म्हणजे दारच समजा. साधारण ४३ डिग्रीच्या वर गरम लागलं की दार उघडतं, कॅल्शियम-सोडियम आत घुसतं आणि मेंदूकडे निरोप जातो, भाजतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन याच दाराला जाऊन चिकटतं आणि काहीही तापलेलं नसताना ते उघडतं. वर कॅप्सेसिन चिकटलेलं असलं की ४३ ची पण वाट बघत नाही, त्याच्या बऱ्याच खाली सुद्धा दार उघडतं, म्हणून माझं कोमट पाणी उकळतं झालं. म्हणजे मिरचीने तोंड पोळलं म्हणतो ते मेंदूच्या हिशोबाने अगदी बरोबर आहे, तिखट ही जिभेची चव नाहीच. (पोपट मिरच्या मजेत खातो कारण पक्ष्यांचं हेच प्रोटीन जरा वेगळं असतं, कॅप्सेसिनची डाळ तिथे शिजत नाही.)

हे सापडलं कसं ते मला जास्त भारी वाटतं. १९९७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत डेव्हिड ज्युलियसच्या टीमने अशा पेशी घेतल्या ज्यांना मिरचीचं काही सोयरसुतक नव्हतं, मग वेदनेच्या नसांमधली हजारो जीन्स गठ्ठे करकरून त्यांच्यात घातली आणि बघत बसले की कॅप्सेसिन टाकल्यावर कुठली पेशी दाद देते. ज्या गठ्ठ्याने दाद दिली त्याचे छोटे गठ्ठे करायचे, परत बघायचं, परत छोटे करायचे, असं करत करत शेवटी हातात एकच जीन उरलं. २०२१ चं नोबेल ज्युलियसना मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर.

आता कुणालाही सुचेल तेच औषध कंपन्यांना सुचलं, दारच बंद करून टाकू, दुखणं बंद. एएमजी ५१७ नावाचं औषध दाढ काढलेल्या पेशंटना ट्रायलमध्ये दिलं, तर काहींचा ताप ४० च्या वर गेला! कारण हे प्रोटीन नुसतं दुखण्याचं काम करत नाही, अंगाची उष्णता ताब्यात ठेवण्यातही त्याचा हात असतो. तशाच दुसऱ्या काही औषधांनी वेगळाच घोळ झाला, लोकांना गरम गरमच लागेना, म्हणजे हात पोळला तरी पत्ता नाही. हे मला तापापेक्षा भयानक वाटतं. दार नेमकं सापडलं म्हणून औषध सापडलं असं होत नाही, त्या दारातून अजून कोण कोण ये-जा करतं तेही बघावं लागतं.

गंमत म्हणजे जे औषध बाजारात आलं ते बरोबर उलट्या वाटेने आलं. ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच. नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने जी आग होत राहते त्यासाठी अमेरिकेत २००९ ला मंजुरी मिळाली, २०२० ला डायबेटिसमुळे पाय दुखतात त्यासाठीही. दार बंद करायचं नाही, उलट एवढं सताड उघडं ठेवायचं की कॅल्शियमच्या लोंढ्याने कातडीतली नसांची टोकं काही काळ निकामीच होतात, मग हळूहळू परत वाढतात. तासभर लावलेला पॅच तीन महिन्यांपर्यंत आराम देऊ शकतो. रोज खरडा खाणाऱ्याला खरडा फारसा लागत नाही, ते याचंच सौम्य रूप म्हणा. (म्हणून दुखऱ्या जागी ठेचा चोळू नका प्लीज.)

हा पॅच लावणारी नर्स नायट्राइलचे हातमोजे घालते, साधे रबरी सुद्धा चालत नाहीत. आणि मी बसले होते उघड्या हाताने खलबत्ता घेऊन. हात भगभगलेच तर आधी तेल चोळा, कॅप्सेसिन पाण्यात धड विरघळत नाही पण तेलात विरघळतं, मग साबण लावून गार पाण्याने धुवा. आणि तोवर डोळ्याला हात नको.