पार्श्वभूमी : ‘ट्रॉप पॉझिटिव्ह’ आणि त्यानंतरची वर्षं

लातूर किंवा नांदेडला आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : ‘ट्रॉप पॉझिटिव्ह आलंय.’ ‘ट्रॉप’ म्हणजे ट्रोपोनिन, हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात उतरणारं प्रथिन. सगळे या वाक्याचा अर्थ ‘अटॅक आलाय’ असा घेतात आणि त्या रात्रीपुरता तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. घोळ पुढे होतो. अँजिओप्लास्टी होते, पेशंट घरी येतो, फाईल कपाटावर जाते आणि पुढच्या वर्षांचा अंदाज घेताना तो कागद कुणी पुन्हा काढत नाही. गंमत अशी की ट्रोपोनिनला आजचा मान मिळाला तो पुढच्या अंदाजामुळेच.

त्याआधीचं थोडक्यात. हृदयाच्या झटक्यानंतर रक्तात एसजीओटी नावाचं एन्झाईम वाढतं हे १९५४ साली दिसलं. आज ते नाव आपण लिव्हरच्या रिपोर्टात वाचतो, कारण ते यकृतातूनही सुटतं. मग एलडीएच आलं, सीपीके आलं, १९७०च्या दशकात सीपीके-एमबी (सीपीकेचा मुख्यतः हृदयातला प्रकार) रुळलं. सीपीके कुठल्याही स्नायूतून येतं. छातीत दुखलं की आधी गावातल्या डॉक्टरकडून कमरेत सुई घ्यायची ही आपल्याकडची जुनी सवय. त्या सुईनंही सीपीके चढतं. १९७९च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार छातीतलं दुखणं, ईसीजी आणि एन्झाईम या तिन्हींपैकी दोन जुळले की अटॅक म्हणायचं. एन्झाईम त्यातला एक साक्षीदार होता, न्यायाधीश नव्हता.

तो न्यायाधीश झाला २००० साली. युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी व्याख्या बदलली आणि ट्रोपोनिन मध्यभागी आणून ठेवलं. यामागचं कारण १९९०च्या दशकातलं होतं. ज्यांचं सीपीके-एमबी नॉर्मल होतं, ज्यांना ‘फक्त अंजायना’ (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, अटॅक नव्हे) म्हणून धीर दिला जात होता, त्यांच्यातही ट्रोपोनिन वाढलेले लोक जास्त मरत होते. १९९६च्या एका अभ्यासात १,४०४ रुग्ण होते. ट्रोपोनिन-आय (ट्रोपोनिनचा एक प्रकार; दुसरा ट्रॉप-टी) ०.४ नॅनोग्रॅम प्रतिमिलीच्या खाली असलेल्यांत ४२ दिवसांतले मृत्यू १ टक्का, त्यावर असलेल्यांत ३.७ टक्के, आणि सर्वांत वरच्या गटात ७.५ टक्के. म्हणजे जो आकडा आधी भाकीत करत होता, त्यालाच रोगाचं नाव देऊन टाकलं. काल ज्याला अस्थिर अंजायना म्हणत होते, त्याला आज अटॅक म्हणू लागले. अटॅकची संख्या कागदोपत्री वाढली, विम्याचे आणि नोकरीचे प्रश्न उभे राहिले, जुन्या-नव्या आकडेवारीची तुलना अवघड झाली. त्यावरून बरीच वर्षं वाद चालला. माझ्या मते निर्णय योग्य होता. ट्रोपोनिनचा आकडा ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ अशा दोन खणांत बसवला गेला, ते मात्र चुकलं.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली रेघ ठरली ९९ पर्सेंटाईलवर. लातूरच्या क्लासवाल्यांना पर्सेंटाईल समजावून सांगायला नको : शंभर निरोगी माणसं रांगेत उभी केली तर नव्व्याण्णव जण ज्या आकड्याच्या आत बसतात, तो आकडा. पण निरोगी कोणाला म्हणायचं? तरुण घेतले तर रेघ खाली येते, म्हातारे घेतले तर वर जाते. बायकांची रेघ पुरुषांपेक्षा खाली असते. एका प्रचलित हाय-सेन्सिटिव्ह (अगदी थोडं प्रमाणही मोजणाऱ्या) ट्रोपोनिन-आय टेस्टमध्ये बायकांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर. ज्यांच्या रक्तावरून या रेघा आखल्या, ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतले.

तालुक्याच्या ठिकाणी अजूनही झटपट टेस्टचं कार्ड वापरतात. त्यावर दुसरी रेघ उमटली की पॉझिटिव्ह. जुनं ट्रॉप-टी कार्ड साधारण १०० नॅनोग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास रेघ दाखवतं, तर हाय-सेन्सिटिव्ह ट्रॉप-टीची सीमा १४ आहे. १४ ते १०० यांच्यामधला माणूस कार्डावर निगेटिव्हच ठरतो.

उलट बाजूही आहे. विंचू चावलेल्या पोराचं ट्रोपोनिन वाढतं, कारण विषानं हृदयाचा स्नायू दुखावतो. तो अटॅक नसतो. डायलिसिसवरच्या माणसाचं तर बारमाही वाढलेलं असतं. ‘स्नायूला इजा’ आणि ‘अटॅक’ यांतला फरक २०१८च्या चौथ्या व्याख्येत ठळकपणे मांडला गेला, पण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर तो अजून पोचलेला नाही.

लांबच्या पल्ल्याची गोष्ट खरी सुरू झाली ती रेघेच्या आतल्या आकड्यांपासून. २००९ साली आलेल्या एका अभ्यासात कोरोनरीचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा) आजार स्थिर असलेले ३,६७९ लोक सुमारे पाच वर्षं पाहिले. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात थोडं तरी ट्रॉप-टी सापडलं. ते जितकं जास्त, तितका हृदयविकारानं मृत्यू आणि हार्ट फेल्युअरचा (हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचा) धोका जास्त, रेघेच्या आत असतानासुद्धा. नव्या अटॅकशी मात्र त्याचा तसा संबंध दिसला नाही. आपल्याकडचा माणूस ‘परत अटॅक येईल का’ एवढंच विचारतो. हा आकडा दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

दुसरा साक्षीदार बीएनपी, रक्तात मोजता येणारा एक हार्मोन. तो १९८८ साली डुकराच्या मेंदूत सापडला म्हणून नावात ‘ब्रेन’ आला. तयार होतो मुख्यतः हृदयाच्या ताणलेल्या भिंतीत. त्याच्याबरोबरच सुटणारा त्याचाच भाऊ एनटी-प्रोबीएनपी. डेन्मार्कमधल्या १,०३४ स्थिर रुग्णांत, नऊ वर्षांच्या पाहणीनंतर, पहिल्या दिवशीच्या एनटी-प्रोबीएनपीवरून मृत्यूचा अंदाज बांधता येतो असं २००५ मध्ये दिसलं. तिथं माणूस कुठंही गेला तरी सरकारी नोंदीत सापडतो. बीड-धाराशिवचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्यात परततो. त्याची नऊ वर्षं कोण मोजणार? आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख असते, पण पेशंट आला नाही तर तो का आला नाही हे लिहायला रकाना नसतो.

स्वस्तातले अंदाजही दुर्लक्षितच राहतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, हा अटॅकनंतरचा धोका मोजणाऱ्या ग्रेस स्कोअरचा एक भाग आहे, आणि तो गल्लीतल्या लॅबमध्येही होतो. सीबीसीच्या प्रत्येक रिपोर्टात छापलेला आरडीडब्ल्यू (तांबड्या पेशींच्या आकारातला फरक) कोरोनरीच्या रुग्णांत मृत्यूशी जोडलेला आहे हे २००८ पासून माहीत आहे. अर्थात आपल्याकडे लोह कमी पडलं तरी आरडीडब्ल्यू वाढतो, आणि अंगात रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत. त्यामुळे तो आकडा एकटा वाचून चालत नाही.

सध्याचा गोंधळ गोळीचा. हार्ट फेल्युअरसाठी दिली जाणारी सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन २०२३ पासून देशी कंपन्यांकडून स्वस्तात मिळू लागली. या गोळीनं बीएनपीचं मोडणं मंदावतं, म्हणून माणूस सुधारत असताना त्याचं बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. एनटी-प्रोबीएनपीवर तसा परिणाम होत नाही. अंबाजोगाईत एकदा बीएनपी आणि सहा महिन्यांनी संभाजीनगरला एनटी-प्रोबीएनपी केलं, तर दोन कागदांवरचे आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नसतो.