वीसच्या आतल्या शाळा

कमी पटाच्या, म्हणजे वीसपेक्षा कमी मुलांच्या जिल्हा परिषद शाळा बंद करायच्या का, हा वाद निघाला की 'मुलं इंग्रजी शाळेत गेली' असं सांगून विषय मिटवला जातो. ते अर्धंच खरं. यातल्या बऱ्याच शाळा मुळातच लहान होत्या. त्या अंतर बघून काढल्या, पट बघून नव्हे.

पैशाचा प्रश्न तर त्याहून जुना. 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड नावाचा कर बसला आणि त्याचा एक हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर जातो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडली. 1923च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या, आणि 1 मे 1962पासून जिल्हा परिषदांकडे. 1994मध्ये आठ-दहा शाळांमागे एक केंद्रशाळा नि केंद्रप्रमुख ही रचना आली. 2000नंतर वस्तीशाळा निघाल्या, पुढे त्यांच्याच नियमित शाळा झाल्या.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010ला लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3च्या आत. पट 60पर्यंत असेल तर दोन शिक्षक, 61ला तिसरा. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने पट 8 असो की 58, माणसं दोनच, आणि त्यातला एक बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की शाळा एकशिक्षकी. शिवाय आपल्याकडची जुनी रचना चौथीपर्यंतची. पाचवी हायस्कुलात, त्यामुळे एक अख्खा वर्ग पटातून आधीच वजा.

खरी मेख संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करण्यात आहे. 30 सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार जुळलेला. आधारवर नावाचं एक अक्षर वेगळं पडलं तरी मूल मोजणीबाहेर जाऊ शकतं. कायद्याच्या हिशेबाने 61च्या शाळेत असं एक मूल निघालं तरी तिसरं पद धोक्यात. दुसरीकडे ऊसतोड कामगारांची मुलं सप्टेंबरात पटावर असतात आणि दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे जातात. तारीख तीच, पण एकीकडे वर्गात बसलेलं मूल गळतं, दुसरीकडे पटावरचं मूल वर्गात नसतं.

डिसेंबर 2017मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांच्या समायोजनाची, म्हणजे त्या शेजारच्या शाळांत मिसळण्याची घोषणा झाली. 2023मध्ये समूहशाळेचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा प्रस्ताव आला. पानशेत आणि तोरणमाळ हे त्याचे नमुने. समूहशाळेत वर्गाला शिक्षक मिळतो हे मान्य, पण सगळी मदार मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीवर. नकाशावर 900 मीटर भरणारी वाट ओढा आडवा आला, साकव नसला, की पावसाळ्यात कितीची होईल सांगता येत नाही.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: जनरल रजिस्टरचं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीचं काय? शाळा मिटली की दप्तर शेजारच्या शाळेत जातं, आणि दाखल्यासाठी गावकऱ्यालाही तिथंच जावं लागतं. 2023मध्ये कुणबी नोंदी शोधताना ही जुनी रजिस्टरं पुन्हा उघडली गेली, तेव्हा काहींतली मोडी वाचायला जाणकार शोधावे लागले.