ब्रेक मोठे करण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रेकच्या कामाला येणाऱ्या तरुण मंडळींचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो : "मोठ्या डिस्क बसवून मिळतील का?" कुणाला भोकांची डिस्क हवी असते, कुणाला मागचे ड्रम काढून तिथे डिस्क, कुणाला लाल रंगाचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. गाडी जॅकवर असताना उभ्याउभ्या बोलणे होते आणि निम्मे सांगायचे राहून जाते. म्हणून हे पत्रक छापले आहे. घरी नेऊन सावकाश वाचा, आणि तुमची गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल तर त्यांच्याही हातात द्या.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मोठे ब्रेक बहुतेक वेळा लागतच नाहीत. कंपनीने दिलेले ब्रेक आज पूर्ण ताकदीने लागतात का, हे आधी बघावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या पाच-सात वर्षे जुन्या गाड्यांमध्ये ते तसे लागत नसतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण ब्रेक रोज थोडा थोडा कमी होतो आणि पायाला त्याची सवय होत जाते.

शेवटी गाडी थांबते टायरवर

पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घट्ट धरतो आणि चाक मंदावते, ब्रेकचे काम इथे संपते. पुढे गाडी किती अंतरात उभी राहणार, हे टायर रस्त्याला किती धरून ठेवतो यावर आहे. मागेपुढे कोणी नसलेल्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ४० च्या वेगात एकदा ब्रेक पूर्ण दाबून पाहा. पॅडल पायाखाली थरथरले आणि खालून करकर ऐकू आली, की समजा एबीएस कामाला लागले. त्या क्षणी तुमचा ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर लावत असतो आणि चाक लॉक होऊ नये म्हणून एबीएस तो जोर सोडत असते. डिस्क आणखी मोठी केलीत तर वाढलेला जोरही एबीएस सोडूनच देणार. थांबण्याचे अंतर होते तेवढेच राहील. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, तेव्हा ही परीक्षा बहुतेकांना घरच्या गाडीवर घेता येईल.

चांगल्या टायरची गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ८० वरून, ब्रेक लागल्यानंतर, साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्या सेकंदात गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते. हे २२ मीटर कुठलीही डिस्क वाचवत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवले तरच ते वाचतात.

म्हणून खिशात पैसे तयार असतील तर आधी टायर बघा. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले असू शकते. नखाने दाबून पाहा, नव्या टायरशी ताडून पाहा. नक्षीच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की कायद्यानेच संपला. पण चिपळूणच्या पावसात तिथपर्यंत थांबू नका. परशुराम घाटात जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी वाहत असते तेव्हा नक्षीचा एकेक मिलिमीटर कामाला येतो.

घाटाचे गणित वेगळे

वर जे सांगितले ते एकदाच जोरात ब्रेक मारण्याबद्दल. आमच्या भागात खरी परीक्षा असते ती उतारावर सतत तापण्याची, आणि आमच्याकडची भीतीने धावत आलेली बहुतेक गिऱ्हाइके याच कारणाने येतात.

ताशी ८० वरून गाडी पूर्ण थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता निघते, जवळजवळ तेवढीच उष्णता २५ मीटर उंची उतरताना निघते. गाडी छोटी असो वा मोठी, हे प्रमाण बदलत नाही. कुंभार्ली घाटाचा माथा चिपळूणपेक्षा सुमारे सहाशे मीटर उंच आहे. म्हणजे हेळवाककडून येऊन पोफळी, शिरगाव करत खाली येईपर्यंत ताशी ८० वरून चोवीस वेळा गाडी उभी करण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. ती इंजिनावर टाकायची की सगळी पुढच्या दोन डिस्कवर, हे तुमचा गिअर ठरवतो. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे जुन्या ट्रक ड्रायव्हरांचे सांगणे आजही तंतोतंत खरे आहे. ऑटोमॅटिक गाडीत यासाठीच एल, २ किंवा मॅन्युअल मोड दिलेला असतो. डीमध्ये टाकून घाट उतरू नका. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून तर कधीच नाही. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात, दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच जोर उरतो, त्यानंतर पॅडल दगडासारखे घट्ट होते.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज साठवायला जागा नसते, त्यामुळे गाडी आपोआप मंदावण्याचे काम फारच कमी होते आणि भार पुन्हा पॅडवर येतो. घाट उतरायचा असेल तर वर चार्जिंग थोडे कमीच करा.

एका लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक छोटी हॅचबॅक आमच्याकडे आली. पाच माणसे, डिकीत आहेराचे सामान, कराडहून निघालेली. घाटाच्या शेवटच्या वळणांवर पॅडल एकदम मऊ पडले आणि तळाला गेले. मुलगा हुशार. दोन-चार वेळा पंप केले, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा पहिल्यासारखे. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कंपनीचे ब्रेक भिकार आहेत, मोठी डिस्क टाका."

आम्ही त्याच्यासमोर गाडी उघडली. ब्रेक ऑइलच्या डब्यातून सिरिंजने थोडे ऑइल काढून काचेच्या पेल्यात घेतले, शेजारी नव्या बाटलीतले ओतले. नवे लिंबाच्या सरबतासारखे फिके पिवळे, त्याचे कोऱ्या चहासारखे. पाच वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत. डॉट ४ चे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ऑइल पाणी शोषून ओले झाले की नियमाने मान्य असलेली मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. सतत दाबलेल्या ब्रेकच्या कॅलिपरला एवढे तापमान गाठायला घाट पुरतो. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला काही पोहोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. यातला धोका हाच.

पुढचे डावे चाक काढले. बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक, आतला घासून लोखंडाला टेकलेला. कॅलिपर ज्या पिनवर सरकतो त्यातली एक गंजून अडकली होती, त्यामुळे एकच पॅड सगळा भार घेत होता. पिना साफ करून योग्य ग्रीस लावले, पुढचे पॅड नवे घातले, चारही चाकांतून जुने ऑइल काढून नवे भरले, हवा काढली. डिस्कला हात लावावा लागला नाही, कारण तिची जाडी तिच्यावरच छापलेल्या किमान मापाच्या वर होती. तोच मुलगा आज त्याच डिस्कवर महिन्याला दोनदा कराडला जातो.

मग कशाला पैसे घालावेत, कशाला नाही

पॅड : इथे थोडे जास्त पैसे घालणे परवडते. चांगल्या कंपनीचा, खऱ्या डब्यातला पॅड घ्या. कित्येक पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, एफएफ किंवा जीजी अशी. पहिले साधारण तापमानाची पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. दुसरे अक्षर इंग्रजी मुळाक्षरांत पहिल्याच्या आधी येणारे असेल, उदाहरणार्थ एफई, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणारा आहे. घाटवाल्यांनी तो घेऊ नये. शर्यतीचे पॅड मात्र मागू नका. ते तापल्याशिवाय धरतच नाहीत. सकाळी थंड गाडी गल्लीतून काढताना समोर पोर आले तर तो पॅड मूळच्या पॅडपेक्षा वाईट लागतो.

भोकांच्या डिस्क : याबद्दल आम्ही स्वतःच्या चुकीवरून बोलतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहाला मान देऊन आम्ही त्या बसवल्या. एका पावसाळ्यात भोके चिखलाने भरली आणि पुढच्या उन्हाळ्यात एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत केसासारखी चीर गेलेली दिसली. आम्ही आमच्या खर्चाने साध्या डिस्क घालून दिल्या. तेव्हापासून रस्त्यावरच्या गाडीला आम्ही त्या बसवत नाही. पूर्वीचे पॅड तापले की वायू सोडायचे, तो निघून जायला ही भोके उपयोगी होती. आजच्या पॅडना त्याची गरज फारशी उरलेली नाही.

मागे ड्रमऐवजी डिस्क : ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचा मोठा भाग पुढची चाके उचलतात. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर आणि एबीएस याच हिशेबाने जुळवलेले असतात. मागे जास्त जोर दिला तर ओल्या वळणावर गाडीचे शेपूट फिरते. हँडब्रेकचीही व्यवस्था नव्याने करावी लागते. आमचा सल्ला नकाराचा आहे. मागचे ड्रम लेथवर टर्न करून, शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) बदलून, ॲडजस्टमेंट नीट केली तर लोक विचारतात, काय बदललेत?

मोठे कॅलिपर : मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागते, पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच असतो. मग पॅडल आणखी खाली जाते. शिवाय मोठी डिस्क मूळच्या रिममध्ये मावत नाही, म्हणजे रिम आणि टायरचाही खर्च आला. असे फेरबदल कुणी करणार असेल तर आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते. लाल प्लास्टिकची जी टोपणे कॅलिपरवर चिकटवायला मिळतात, त्यांनी उष्णता आतच कोंडते. ती लावून आलेल्यांना आम्ही काढायला सांगतो.

स्टीलच्या जाळीचे होज : जुने रबरी होज फुगत असतील तर फरक जाणवतो, पण तेवढाच फरक नव्या रबरी होजनेही जाणवतो.

मोठ्या ब्रेकची खरी गरज कुणाला असते? ज्यांनी इंजिनाची ताकद वाढवली आहे, जे गाडी रेस ट्रॅकवर नेतात, किंवा जे रोज भरल्या गाडीने घाट करतात आणि सगळी देखभाल चोख असूनही ज्यांचे ब्रेक तापून ढिले पडतात. यातल्या शेवटच्यांसाठी एक मार्ग आम्हाला पटतो. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला पुढे आत हवा खेळणारी, दुपदरी डिस्क असेल तर ती कॅलिपर आणि ब्रॅकेटसकट बसवता येते का, ते आम्ही गाडी बघून सांगू.

कोकणातला गंज

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही ज्या गाड्या उघडल्या, त्यांच्या ड्रममधून वाशिष्ठीचा गाळ खरवडून काढावा लागला होता. वरून धुऊन चकाचक केलेल्या गाड्या, आणि आत शू चिखलात बसलेले. त्या वेळची गाडी कुणी जुन्या बाजारातून घेतली असेल तर ब्रेक एकदा उघडून बघाच.

मुंबईकरांची गावी उभी असलेली गाडी गणपतीत हलत नाही, हे दरवर्षीचे. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवली की शू ड्रमला चिकटतो. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढे-मागे चाकाखाली दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. घरच्यांपैकी कुणी आठवड्यातून एकदा फेरी मारली तर फारच चांगले. चिकटलीच, तर रेटून ओढू नका, आम्हाला फोन करा.

काम झाल्यावर

नवे पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत बेताने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असे आठ-दहा वेळा करा आणि मग थोडे अंतर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्या. पहिले दोनशे किलोमीटर घाट टाळता आला तर टाळा. तापलेल्या डिस्कवर कधीही पाणी ओतू नका. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी.

ब्रेक तपासणीला साधारण पाऊण तास लागतो आणि चारही चाके तुमच्यासमोर काढली जातात. काढलेले पॅड, शू, होज पिशवीत घालून तुम्हालाच परत मिळतात. येताना गाडीचे मॅन्युअल घेऊन या, त्यात कोणते ब्रेक ऑइल चालते ते लिहिलेले असते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गर्दी होते, तेव्हा मुंबईहून निघणाऱ्यांनी तिथेच, निघण्याआधी, तपासणी करून घेतलेली बरी.