इनलाइन ठासणीची रायफल

इनलाइन ठासणीची रायफल : दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, पण ठिणगी दारूच्या थेट मागून, नळीच्या अक्षावरच पडते अशी शिकारी रायफल. गारेच्या किंवा (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या स्फोटक) टोपीच्या जुन्या बंदुकीत आग बाजूच्या भोकातून आत शिरते. इथे ती सरळ जाते. वापर मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ठासणीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेल्या हंगामात. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगतात ती ठासणीची बंदूक वेगळी. तिची नळी आतून गुळगुळीत असते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्याने या रायफलीचा इथे प्रसार नाही.

उगम : मिसूरीतील बंदूक-कारागीर टोनी नाइट यांची १९८५ची एमके-८५ ही पहिली इनलाइन होय, असे सर्रास लिहिले जाते. ते नेमके नाही. योहान निकोलाउस फोन ड्रायझे यांची सुईची बंदूक १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रथम ठासणीचीच होती आणि बार पेटवणारी तिची सुई अक्षावरूनच पुढे जाई. मागून भरण्याची सोय सुमारे १८३६मध्ये आली. ड्रायझे ज्यांच्याकडे पॅरिसमध्ये काम करीत त्या योहान सामुएल पाउली यांच्या १८१२च्या पेटंटकडेही काहीजण बोट दाखवतात. ती बंदूक मागून भरायची असल्याने हा दावा तितकासा पटत नाही. मध्य युरोपातील अठराव्या शतकातल्या, गार मागे बसवलेल्या काही बंदुकांचेही दाखले दिले जातात. त्यांचा काळ सावधपणेच घ्यावा. नाइट यांचे श्रेय शोधापेक्षा जुळणीचे मानणे अधिक योग्य : नळीचे मागचे तोंड बंद करणारे, काढता येणारे बूच, दुहेरी सुरक्षा-खटका आणि आधुनिक रायफलीसारखा दस्ता त्यांनी एकत्र आणला. अक्षावरच्या ठिणगीने गोळीचा वेग वाढतो हा समज मात्र निराधार आहे. फायदा आहे तो दारू खात्रीने पेटण्याचा.

निवड : आधी अमेरिकेतल्या त्या-त्या राज्याचा नियम, मग रायफल. कोलोरॅडोच्या ठासणी-हंगामात इनलाइन चालते, पण दुर्बीण, दारूच्या गोळीवजा वड्या आणि सॅबो म्हणजे गोळीभोवतीचे प्लॅस्टिकचे वेष्टन चालत नाही, एल्क या मोठ्या हरणासाठी किमान .५० कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप, इंचात) लागते. आयडाहोच्या खास हंगामात २०९ प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या एका प्रकारच्या स्फोटक टोपीला) मनाई आहे. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या हंगामात फक्त गारेची बंदूक चालते, त्यामुळे इनलाइन तिथे कुचकामी. २०२०मध्ये दारूची बंद कुपी मागून घालायची रायफल आली. गोळी तोंडातून जात असली तरी काही राज्ये तिला ठासणीची मानत नाहीत. नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका पाहावी.

दुसरी बाब पिळाची. नळीतील खाचांना २८ इंचांत एक फेरा असेल तर लांब गोळी किंवा सॅबो स्थिर राहते; ६६ इंचांत एक फेरा गोल गोळीसाठी; ४८ इंचांचा पीळ ही तडजोड. जलद पिळाच्या नळीत गोल गोळीमागे भरपूर दारू घातली तर ती खाचा न धरता घसरते आणि नेम विस्कटतो.

.५० कॅलिबरमध्ये २५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूचे बारीक माप) आसपासची गोळी आणि १०० ग्रेन दारू हे हरणासाठी पुरेसे माप. हे १०० ग्रेन आकारमानाचे असतात, वजनाचे नव्हेत. काळ्या दारूऐवजी वापरायची ट्रिपल सेव्हन ही दारू तिच्यापेक्षा हलकी आहे. तीच १०० ग्रेन तराजूवर तोलून घातली तर भरणी जास्त होते. तीन वड्यांची १५० ग्रेनची भरणी जाहिरातीत शोभते. प्रत्यक्षात धक्का वाढतो आणि बरीच दारू नळीच्या तोंडाबाहेर जळते. बिनधुराची दारू, रायफल खास तिच्यासाठी बनवलेली नसल्यास, नळी फोडू शकते.

प्रायमर आणि बूच एकत्र पाहावेत. २०९ प्रायमर मुळात छऱ्यांच्या काडतुसाचा, म्हणून त्याची ज्वाला प्रखर. ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू पेटायला कठीण. वड्यांसाठी बनवलेल्या बुचात ती उशिरा पेटते किंवा पेटतच नाही, म्हणून तिच्यासाठी योग्य बूच आहे का हे विकत घेताना विचारावे. उलट ट्रिपल सेव्हन आणि प्रखर प्रायमर या जोडीने दारूच्या जागेच्या थोडे पुढे कडक कीट धरते. पुढची गोळी तिथे अडकली, दारूवर टेकली नाही आणि बार उडाला, तर त्या पोकळीपाशी नळी फुगते. उपाय दोन : प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने नळी पुसणे, आणि पूर्ण ठासल्यावर गज कुठवर येतो तिथे खूण करून ठेवणे. खूण वर राहिली तर गोळी वर आहे किंवा भरणी दुहेरी झाली आहे.

रचनेत मधून मोडणारी रायफल सर्वांत सोयीची : प्रायमर झाकलेला राहतो आणि बूच काढून नळी मागून धुता येते. ओढून सोडायच्या दट्ट्याच्या जुन्या नमुन्यांत पाणी आणि काजळी आत जाते. नळी बदलून काडतुसाची करता येणारी सांगाडा-रायफल घेताना एक अडचण : अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यातील, इतर ठासणीच्या बंदुकांना असलेली ‘प्राचीन शस्त्रा’ची सवलत तिला मिळत नाही, सामान्य बंदुकीचेच नियम लागू होतात.

निगा : काळ्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या पायरोडेक्समधील पर्क्लोरेटमुळे उरणारे क्लोराइड हवेतील ओल ओढते; स्टेनलेस नळीही गंजते. त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे. बुचाच्या आट्यांना दर वेळी न चिकटणारे ग्रीस लावावे, नाहीतर काजळीने ते नळीतच जाम होते. शिकारीला निघताना आधी नुसता प्रायमर उडवून राहिलेले तेल जाळून टाकतात. पहिली भरणी न पेटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते.