ओमोचा-ए

ओमोचा-ए : जपानी खेळणीचित्रे. ‘ओमोचा’ म्हणजे खेळणे आणि ‘ए’ म्हणजे चित्र. एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात आणि मेइजी काळात (१८६८–१९१२) लाकडी ठशांवरून रंगीत छापून मुलांसाठी विकली जाणारी स्वस्त चित्रे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे खेळण्यांची काढलेली चित्रे असाही अर्थ त्याला चिकटला. पहिल्या अर्थात कागद हेच खेळणे असते, तर दुसऱ्या अर्थात खेळणे कागदावर उतरते. या दोन अर्थांमधल्या पन्नासेक वर्षांत जपानी चित्रकारांची खेळण्याकडे बघण्याची नजरच बदलली.

मूळ ओमोचा-ए कात्रीसाठीच जन्माला येत. एका कागदावर पक्षी, दुसऱ्यावर भाज्या, तिसऱ्यावर भुतेखेते अशा चित्रमाला निघत. कपडे बदलता येणाऱ्या कागदी बाहुल्या असत. फासे टाकून सोंगट्या पुढे सरकवण्याचा ‘सुगोरोकु’ हा पटही कागदावरच छापलेला मिळे. माणसांसारखे वागणारी, सार्वजनिक न्हाणीघरात अंग चोळत बसलेली मांजरे विशेष खपत. सर्वांत करामतीचा प्रकार ‘कुमिआगे-ए’. त्यात घराच्या भिंती, झाडे, काबुकी नाटकातली पात्रे सुटी सुटी छापलेली असत. ती कापून, दुमडून, खळीने चिकटवली की नाटकातला प्रसंग उभा राही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यात दिवा लावून ठेवत. सुटे भाग कागदावर दाटीवाटीने, आडवेतिडवे बसवलेले असल्याने न कापलेला कागद पाहून काहीच बोध होत नाही. म्हणून पुरा झालेला देखावा कोपऱ्यात लहानसा काढून दाखवत.

या प्रकारात उतागावा योशिफुजी (१८२८–१८८७) याच्या तोडीचा दुसरा कोणी झाला नाही. तो ठशांच्या चित्रांचा नामवंत चित्रकार कुनियोशी याचा शिष्य. गुरूचे मांजरवेड त्याच्याकडेही आले. त्याने खेळणीचित्रे इतकी काढली, की लोक त्याला ‘ओमोचा योशिफुजी’ म्हणू लागले. कलेच्या इतिहासात मात्र त्याला बराच काळ कोपऱ्यातच जागा मिळाली. एक तर ही पोरांची कामे, आणि दुसरे म्हणजे कागद पुरतेपणी वापरला की तो उरतच नसे. आज संग्रहालयांत दिसतात ती न कापलेली चित्रे, म्हणजे खेळाच्या दृष्टीने वाया गेलेली.

मेइजी काळात कारखान्यात बनलेली पत्र्याची खेळणी बाजारात आली आणि गावोगावच्या माती, लाकूड, कागदाच्या लगद्याच्या खेळण्यांची पीछेहाट सुरू झाली. तेव्हा ती गोळा करणारी मोठी माणसे निघाली. त्यांचा म्होरक्या शिमिझु सेइफू (१८५१–१९१३) हा तोक्योच्या कांदा भागातला, मालवाहतुकीचा पिढीजात धंदा असलेला गृहस्थ. त्याला ‘खेळण्यांचा पंडित’ म्हणत. त्याच्या मित्रमंडळाने १९०९ मध्ये ‘ओदोमो-काइ’ हे नाव घेतले. मुलाला जपानीत ‘कोदोमो’ म्हणतात आणि त्यातल्या ‘को’साठी लहान या अर्थाचे अक्षर योजले, तर त्याजागी मोठा या अर्थाचा ‘ओ’ घालता येतो, एवढीच ही कोटी. मानवशास्त्रज्ञ त्सुबोइ शोगोरो हाही या मंडळात होता.

सेइफूने आपला संग्रह रंगवून १८९१ पासून ‘उनाइ नो तोमो’ (मुलांचे सोबती) या नावाने प्रसिद्ध करायला घेतला. दुसरा भाग यायला तब्बल ११ वर्षे लागली. सहा भाग त्याने केले, उरलेले चार त्याच्या मृत्यूनंतर निशिझावा तेकिहो याने. दहावा भाग १९२४ चा. क्योतोच्या उन्सोदो या प्रकाशनाशी या मालेचे नाव जोडलेले आहे. लाकडी ठशांची छपाई मागे पडत असताना ही चित्रे ठशांवरूनच छापली गेली, आणि ते योग्यच झाले. खेळण्यावरचा ब्रशचा एकच जाड फटकारा आणि त्याचा सपाट रंग ठशाला जसा पकडता येतो, तसा छायाचित्राला येत नाही. पार्श्वभूमी कोरी, आकार ठसठशीत, सोबत गावाचे नाव.

या चित्रांत लाल रंग फार दिसतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे ज्या रोगाला ‘देवी’ म्हणत, तो जपानातही एका दैवताचाच फेरा मानला जाई आणि लाल रंग त्याच्यापासून राखतो अशी समजूत होती. आइझु भागातला मान डोलावणारा तांबडा बैल ‘आकाबेको’ तसाच. त्याच्या अंगावरचे काळे ठिपके देवीचे फोड मानतात. ‘दारुमा’ हा पडला तरी उठून बसणारा लाल बाहुला म्हणजे परंपरेनुसार भारतातून चीनला गेलेला बोधिधर्म. मूल सुखरूप जन्मावे म्हणून दिला जाणारा कागदी लगद्याचा कुत्रा, ईशान्य जपानमधल्या तोहोकुच्या गरम झऱ्यांच्या गावी लेथवर कातलेली, हातपाय नसलेली ‘कोकेशी’ बाहुली यांनाही पुढच्या चित्रकारांनी आपलेसे केले.

ओसाकात कावासाकी क्योसेन (१८७७–१९४२) याने खेळणी जमवून रंगवण्याचे हेच व्रत घेतले. आपल्या संग्रहाला त्याने ‘निंग्योदो’ म्हटले. ‘निंग्यो’ म्हणजे बाहुली. पण त्याने अक्षरे मात्र जवळजवळ तसाच उच्चार असलेल्या ‘मत्स्यकन्या’ या शब्दाची वापरली. त्याची खेळण्यांची पाच हजारांहून अधिक चित्रे ओसाकाच्या नाकानोशिमा ग्रंथालयात आहेत.

ताकेइ ताकेओ (१८९४–१९८३) याच्याकडे ही परंपरा नकलेपुरती राहिली नाही. मुलांसाठीच्या चित्रकलेला ‘दोगा’ हे नाव त्यानेच दिले. तो स्वतः गावठी खेळण्यांचा मोठा संग्राहक, १९३० मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारा. त्याच्या चित्रांतले लाकडी चणीचे, ताठ मानेचे राजे आणि शिपाई पाहिले, की ती मुळे दिसतात. मात्र जुन्याची हुबेहूब नक्कल त्याला मान्य नव्हती. ‘फुरुइ’ (जुने) हा शब्द उलटा फिरवून त्याने ‘इरुफु’ म्हणजे नवे असा शब्द घडवला आणि त्या नावाने स्वतः नवी खेळणी योजली. त्याचा जुना संग्रह १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला. नागानो प्रांतातल्या ओकाया या त्याच्या गावी १९९८ मध्ये उघडलेले संग्रहालय त्या उलट्या शब्दाचेच नाव लावते.