‘एनएम’ आणि ‘एनएम -डी’: एकाच फाइलमधल्या दोन याद्या

हळदीच्या हंगामात सांगलीतल्या एका अडत दुकानासाठी आम्ही वजनकाट्याची नोंद थेट संगणकात घेणारा प्रोग्राम लिहीत होतो. काट्याबरोबर ‘डॉट एसओ’ प्रकारची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरता येणाऱ्या फंक्शन्सची फाइल, आली होती. माझ्या तरुण सहकाऱ्याने तिच्यावर फाइलमधली नावे दाखवणारी ‘एनएम’ ही आज्ञा चालवली, पडद्यावर ‘नो सिंबॉल्स’ एवढेच उमटले, आणि फाइल रिकामी आहे असे समजून तो ती परत पाठवायला निघाला. तीच आज्ञा ‘-डी’ जोडून दिल्यावर मात्र नावांची यादी समोर आली.

‘एनएम’ हे साधन युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ते प्रत्येक सिंबॉलसाठी, म्हणजे फाइलमधल्या फंक्शनच्या वा चलाच्या नावासाठी, पत्ता, एक अक्षर आणि नाव अशी ओळ छापते. कॅपिटल टी म्हणजे याच फाइलमध्ये लिहिलेले व बाहेरच्यांना दिसणारे फंक्शन, स्मॉल टी म्हणजे फाइलपुरते मर्यादित फंक्शन, आणि यू म्हणजे इथे वापरलेले पण दुसरीकडून आणायचे नाव. यूच्या ओळीत पत्त्याची जागा कोरी असते.

गोंधळ होतो तो लिनक्सच्या फाइलमध्ये अशा दोन याद्या असू शकतात म्हणून. नुसते ‘एनएम’ वाचते ती ‘सिमटॅब’, आणि ‘-डी’ दिल्यावर वाचली जाते ती ‘डिनसिम’. अडत्याच्या चोपडीत हमाली, तोलाई, उचल असे सगळे असते, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर त्याच्याशी संबंध असलेले तेवढेच उतरते. या दोन याद्यांचे नातेही बरेचसे तसेच आहे. सिमटॅबमध्ये ‘स्टॅटिक’, म्हणजे फाइलपुरती मर्यादित, फंक्शन्ससुद्धा येतात, कारण ही यादी लिंकर (तुकडे जोडून फाइल बनवणारा) व डीबगर (चुका शोधायला मदत करणारा) यांच्या कामाची आहे. प्रोग्राम चालताना ती मेमरीत चढवलीच जात नाही, म्हणून ‘स्ट्रिप’ या साधनाने ती काढून टाकली तरी काम अडत नाही. डिनसिम मात्र चालू प्रोग्रामला लायब्ररीशी जोडणाऱ्या लोडरला लागते, त्यामुळे स्ट्रिप तिला हात लावत नाही. आमची लायब्ररी स्ट्रिप केलेली होती, एवढेच.

याच्या उलटा फसवा प्रकारही आहे. लिंक न झालेल्या ‘डॉट ओ’ फाइलला डिनसिम नसतेच, त्यामुळे तिथे ‘एनएम -डी’ दिले की पुन्हा ‘नो सिंबॉल्स’ हेच उत्तर येते.

माझ्या मते अधिक वेळ खाणारी चूक वेगळीच आहे. ‘एनएम’च्या यादीत नाव दिसले म्हणजे ते बाहेरून बोलावता येईल, असे गृहीत धरले जाते. ‘हिडन’ दृश्यता देऊन बांधलेल्या लायब्ररीत ते फंक्शन सिमटॅबमध्ये स्मॉल टी होऊन राहते आणि डिनसिममध्ये येतच नाही. मग आपला प्रोग्राम लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार येते आणि माणूस नावाचे स्पेलिंग तपासत बसतो. तयार लायब्ररीतून काय वापरता येईल हे पाहायचे असेल, तर ‘एनएम -डी’च विचारावे, आणि ‘--डिफाइन्ड-ओन्ली’ जोडून यूच्या ओळी वगळाव्यात.

आम्ही त्या ओळी वगळल्या नाहीत, हे बरे झाले. ६४ बिटच्या इंटेल यंत्रावर ‘प्रिंटएफ’च्या यू ओळीत नावापुढे ‘@ग्लिबसी_२.२.५’ अशी ग्लिबसीची, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची, आवृत्ती लागलेली होती. ‘एनएम’च्या नव्या आवृत्त्या ती आपोआप दाखवतात. घातांक काढणाऱ्या ‘पॉव’ या गणिती फंक्शनपुढे मात्र काहीच नव्हते, म्हणजे लायब्ररी बांधताना ती गणिताच्या लायब्ररीशी जोडलेलीच नव्हती. आमच्या लिंक करण्याच्या आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ (गणिताची लायब्ररी घ्या) जोडले आणि काट्यावरचे पहिले वजन पडद्यावर आले.